आईचं इष्टलिंग

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत दोघं माझ्या मागं बोलत होती.

“रुद्रेश, आईनं काय खाल्लं का?”

“न्हाई, मावशी. आज तिसरा दिवस. दवाखान्यात छातीचा फोटो काढताना गळ्यातलं इष्टलिंग उतरवून माझ्याकडं दिलतं. माझ्याच हातून हरवलं. त्याच्या पूजेबिगर ती पाणीबी घेत न्हाई.”

“ते दीक्षेतच मिळतं, स्वामींकडून दुसरं घ्यायचं.”

“मठात एसटीडीवरून फोन लावलता. स्वामी कर्नाटकात गेलेत. मग मी दुकानातून तसलंच आणलं, सापडलं म्हणून सांगितलं.”

“अन् तिनं?”

“डाव्या तळहातावर घेऊन लई वेळ बघितलं.”

“वळखलं?”

“रागावली न्हाई. परत माझ्या हातात दिलं अन् म्हणाली, मेल्यावर मला मातीत बसवशील, तवा लिंग ठेवतात तो हा हात रिकामाच ठेव.”