तळहाताला घेतलेले दोन वेढे

मंडळी, तळेगावातले दुकानदार आलात, आमचे नवलाख उंबऱ्याचे गाववाले आलात. सलीमभाईंसाठी आलात. बोलायला उभा राहिलोय. सांभाळून घ्या.

मी बाळासाहेब. सलीमभाई, दत्ता आणि मी, तिघांना एकच वेड. गळ टाकून बसायचं. सलीमभाईंनी सायकलचं दुकान बंद केलं की आम्ही धरणावर. मासा धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. हात लावण्याआधी तो ओला करायचा, कोरड्या हातानं माशाला इजा होते, हा त्यांचा नियम. नसीमवहिनी थट्टा करायच्या, "घरात एवढे मासे धरणारे, आणि मी बोंबील बाजारातनं आणते!"

त्यांची एकच इच्छा होती. मार्लिन बघायचा. खोल समुद्रातला, भाल्यासारख्या नाकाचा, माणसाहून मोठा मासा. म्हणून आम्ही तिघं अंदमानला गेलो.

बोटवाल्यानं आधीच बजावलं होतं, दोरी हाताला गुंडाळायची नाही. आम्ही माना डोलावल्या. पण मंडळी, धरणावर आपण काय करतो? इथं गळ टाकणारे कितीतरी बसलेत, सांगा ना! मासा जवळ आला की दोरीचे तळहाताला दोन वेढे घ्यायचे आणि ओढायचं. पोरवयातली सवय. धरणातला मासा तो केवढा? तो काय माणसाला ओढून नेणार?

मार्लिन लागला. दांडा दत्ताच्या हातात होता. दमून दमून मासा बोटीपाशी आला. निळाभोर. सलीमभाई नुसते हसत होते. बोटवाला म्हणाला, दोरी कापून सोडून द्या. दत्तानं सुरी उचलली. सलीमभाई ओरडले, "दत्ता, कापू नकोस! तोंडात गळ घेऊन फिरेल बिचारा. मी काढतो." ते वाकले. हात ओला केला. दोरी धरली. आणि सवयीनं दोन वेढे घेतले.

मासा खाली गेला. सलीमभाई त्याच्यासोबत गेले.

पुढं गळ निसटला असावा. ते वर आले तेव्हा दत्तानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. बोटवाल्यानं दोघांनाही वर ओढलं. श्वास एकाचाच चालू होता.

आणि आता चहाच्या टपरीवर काय ऐकू येतं? "सुरी हातात व्हती, मग कापली का न्हाई?" दत्ता कुठं बसलाय बघा. मागं, चपलांपाशी. काल मला म्हणाला, "बाळासाहेब, मी त्यांचं ऐकलं. ऐकाया नगं व्हतं का?" मंडळी, काय सांगू त्याला? आजवर आपण सगळेच त्यांचं ऐकत आलो. तुमच्यातल्या कुणी त्या क्षणी ऐकलं नसतं?

मला सलीमभाईंचा राग येतोय. होय, शोकसभेत उभा राहून सांगतोय. सलीमभाई, माशाच्या तोंडातल्या गळाची काळजी केलीत, मग वहिनींची का नाही केलीत? झोप लागत नाही मला. आणि त्यांनी तो मासा तसाच जाऊ दिला असता, तर ते सलीमभाई नव्हतेच, हेही कळतं.

वहिनी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून इथं नाहीत. सकाळी त्यांच्या भावाकडून विचारून घेतलं, दत्ताला सभेत पुढं बोलावू का? निरोप आला, "बोलवा. पण घरी इतक्यात येऊ नका म्हणावं." भाऊ समोरच बसलेत. यापेक्षा जास्त मागायचा आपल्याला हक्क नाही.

दत्ता, पुढं ये. वाट द्या त्याला. असा माझ्या शेजारी उभा राहा.

आता सगळे उठू या. सलीमभाई दुआ मागायचे तेव्हा दोन्ही तळहात उघडे धरायचे. आज आपण सगळेच तसे धरू. काही बोलायचं नाही. मुठी सोडा, मंडळी. बोटं मोकळी करा.

दत्ता, तुझीपण मूठ सोड. सोड रे.