शंभर टक्के प्रशिक्षण

— इथे. खाली, माझ्या बोटाच्या इथे सही कर. वाचत काय बसलीयेस, परीक्षा आहे का? — बरं, वाच. वाच बाई. पण तो फोन ठेव आधी. हां, इथे टेबलावर, माझ्याच पुढे ठेव, म्हणजे लक्ष कागदावर राहील. — किती मेसेज येतात गं तुला! मघापासून नुसती अक्षरं पळतायत त्याच्यावर. चष्मा लावला नाहीये, नाहीतर वाचलेच असते. — आता तू म्हणशील, हे सचिव एकटेच काय बडबडतायत. तू कुठली म्हणायला! तुझं ऐकायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, माहितीये मला. पण चौदा वर्षं बहिऱ्यांच्या बास्केटबॉल संघटनेचा सचिव आहे मी, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून बोलायचं बंद केलं असतं तर एव्हाना मुका झालो असतो. खरं सांगू? इथे बोलायला फार मोकळं वाटतं. घरी तशी सोय नाही. बायकोला सगळं ऐकू येतं. — मागे तू लेखी तक्रार केली होतीस, सचिवांच्या मिशांमुळे ओठ वाचता येत नाहीत म्हणून. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. आज म्हटलं, राहू देत मिशा.

तर कागदात काय आहे? काही नाही गं. एवढंच, की सेमीफायनलनंतर तुझ्या लघवीच्या नमुन्यात जे औषध सापडलं, ते तू आपल्या मनाने घेतलंस, आणि घेऊ नये हे संघटनेने तुला रीतसर शिकवलं होतं. बस. दोन वर्षं बंदी येईल. दोन वर्षं म्हणजे काय, अशी जातील! बावीसची तू, चोविसाव्या वर्षी परत ये. — हो, जागतिक स्पर्धा हुकेल, कळतंय मला. कॅप्टन आहेस, नऊ वर्षांची होतीस तेव्हापासून बघतोय, चेंडू तुझ्या पोटाएवढा होता. डोळ्यांत पाणी आणू नकोस बाई, मला बघवत नाही. पण माझंही बघ ना! शंभर टक्के खेळाडूंना उत्तेजकांविरुद्ध प्रशिक्षण दिलं म्हणून पुढच्या महिन्यात ढाल मिळतेय आपल्याला. मखमली पेटीतली! भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवलाय, हा बघ. एक जरी पोरगी म्हणाली की मला कुणी शिकवलं नाही, तर गेली ढाल. मग त्या खिळ्याला काय छत्री लावू?

आणि शिकवलं नाही असं कोण म्हणेल? अडीच तास व्याख्यान झालं की! डॉक्टर आणले, नवा कोरा माइक आणला, मी स्वतः तीनदा विचारलं, मागे आवाज येतोय का? एकीचीही तक्रार नाही. खुणा करून सांगणाऱ्या बाईसुद्धा आणल्या होत्या. आता पडद्यावरची चित्रं नीट दिसेनात म्हणून दिवे घालवले, खिडक्या लावल्या, त्यात बाईंचे हातच दिसेनासे झाले — हे माझ्या लक्षात कसं यावं? मला तर डॉक्टरांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता! बाई बिचाऱ्या काळोखात अडीच तास हात हलवत राहिल्या, खांदे भरून आले त्यांचे. मग दाराच्या फटीतल्या उजेडात बघतो तर काय, तुम्ही सगळ्याजणी हात वर करून हलवताय! बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात, हे वाचलंय मी — उठलो, वाकून नमस्कार केला. बाई नंतर म्हणतात, अहो, पोरी दिवे लावा म्हणत होत्या. आता सांगून काय उपयोग? अहवालात टाळ्या लिहून झाल्या होत्या. आणि हजेरीवरच्या सह्या मीच केल्या, तुम्ही अंधारात कशा करणार?

गोळीचं म्हणशील तर — दार लावलंय ना? लावलंय. — गोळी मीच दिली, मी कुठे नाही म्हणतोय? नाक चोंदलेलं तुझं, डोळे लाल, समोर सेमीफायनल. माझ्या खणात सर्दीच्या गोळ्या असतात, बायको आणून ठेवते. दोन दिल्या, मध्यंतरात आणखी दोन. तू शहाणी, पाकीट उलटंपालटं केलंस, माझ्या वहीत लिहून विचारलंस, 'चालेल ना?' आणि मी अंगठा दाखवला. तुमच्या खुणांतली मला तेवढी एकच येते, चौदा वर्षं तिच्यावरच काढली. त्या गोळीत ते औषध असतं हे मला काय माहीत? डॉक्टर सांगत असतील, पण शब्द न् शब्द म्हणालो ना मघाशी, तो आपला पहिल्या दहा मिनिटांतला. मग डोळा लागला. अंधार केल्यावर लागतोच. — वहीतलं ते पान मी फाडलं. वाईट वाटतं गं, खोटं नाही सांगत. पोटच्या पोरीसारखी तू. पण चार वाजता त्या खुणांच्या बाई येतील, त्यांच्यासमोर तू नाही नाही ते विचारत बसशील, त्याआधी सही हवी.

घे पेन. — मान काय हलवतेस? — फोन कशाला धरतेस माझ्या तोंडापुढे! थांब, चष्मा लावू दे. हां. काय आहे हे — 'इथे. खाली, माझ्या बोटाच्या इथे सही कर' — हे तर... 'बायकोला सगळं ऐकू येतं' — अगं, हे मी बोललेलं! हा फोन बोललेलं लिहितो? सगळं? 'गोळी मीच दिली' — अरे देवा. — आता काय टाइप करतेयस? दाखव. 'चौकशी समितीला पाठवते. चालेल ना?' — काय चालेल! अगं पोरी, बाळा, बस जरा, पाणी घे — मला अंगठा काय दाखवतेस? थांब! ए मुली, थांब म्हणतो ना! मागे बघ! — शिपाई! अरे, त्या कॅप्टनला अडव! — हाका काय मारतोयस गाढवा, बहिरी आहे ती! पळ!