माजघरातलं पोर

तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या कुठल्याच गोष्टीवर बसत नाही म्हणा. पण हे आमच्या जपानातल्या तोनो गावच्या बसथांब्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. म्हातारा किसाबुरो जन्मघराला कुलूप लावून धाकट्या बहिणीकडे, सेंदाईला कायमचा निघाला होता. त्याला न्यायला आलेली बहीण तोमिए मात्र रडवेली. आमच्याकडे जुन्या घरांत झाशिकी-वाराशी असतं, म्हणजे पोराच्या रूपातलं, घराला बरकत देणारं भूत.

"दादा, आपण चाललो. पण माजघरातलं झाशिकी-वाराशी? ते पोर एकटं पडेल रे."

"ते परवाच घर सोडून गेलं."

"गेलं?"

"माझ्या डोळ्यांदेखत. लाल अंगरखा, कपाळावर झुलपं, पाठीला गाठोडं. म्हटलं, कुठे रे? म्हणालं, पुलापलीकडे नवं बाळ आलंय, तिकडे खेळायला."

"लहानपणी लपंडावात आपल्यात एक भिडू जास्त निघायचा. सगळे चेहरे ओळखीचे, तरी एक जास्तच. तेव्हा तूच म्हणायचास, ते कुणाला ओळखू येत नाही."

"आता येतं. मोतीबिंदू झालाय ना!"

"चेष्टा नको. आई म्हणायची, ते गेलं की घराची रया जाते."

"मग आपण वेळेवर निघालो. डोळे पूस, बस आली."

"खरंच गेलं? शपथ घे."

"तुझ्या गळ्याची शपथ."

"माझा गळा सोड, खोटारड्या! मग आज पहाटे माजघरात लाल चवळीच्या भाताची वाटी कुणासाठी ठेवून आलास?"