अप्पांनी सावकाश केलेली कॉपी

वर्ष विचारू नका, माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही. माझा लॅपटॉप सारखा बंद पडत होता आणि बारा वर्षांचा प्रबंध फक्त त्यातच होता. बीडमध्ये कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे शिवाअप्पा म्हणाले, “सर, बाहेरची डिस्क लावू. यूएसबीनं लई फास्ट हुईल.”

“फास्ट नको अप्पा! घाईत अक्षरं गळाली तर? प्रिंटरच्या त्या जुन्या, जाड पॅरलल वायरीनं हळू करा.”

“बरं, तसंच करू. तुमी च्या घ्या.”

मी दर पाच मिनिटांनी विचारी, “झालं का?”

“न्हाई सर. हळूच चाललंय.”

तासाभराने डिस्क हातात आली. प्रबंध शाबूत होता.

कैक वर्षांनी एका इंजिनिअरला दाखवून खात्री केली: त्या डिस्कला यूएसबीशिवाय दुसरी कुठली वायर बसतच नव्हती.