भिंतीवरचे गुरू

अगं, ऑफिसातल्या वैशालीने मला गंगापूर रोडला एका टॅरोवाल्या बाईंकडे नेलं. पत्ते पिसण्याआधी बाईंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोला हात जोडले. "हे माझे गुरू, हरसूलचे भगत. जाताना सगळी विद्या मला देऊन गेले."

मी हादरलेच. फोटोत माझे आजोबा होते, आणि ते हरसूलला घरी धडधाकट आहेत!

मी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बाईंसमोर धरला. आजोबांनी लगेच ओळखलं. "ही बाजारात आल्ती. फोटो काढू का म्हनली." मग त्यांना मागची भिंत दिसली. "हार कशाला? मी मेलो काय?"

मी बाईंकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "गुरू जिवंत असले, की लोक त्यांच्याकडेच जातात हो."