अर्ध्यावर राहिलेलं अपडेट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आपला प्रिंटर मांडीवर घेऊन बसलेल्या शिंपीणबाईंनी दोन्ही कान शेजारच्या वयस्क जोडप्याला फुकटात देऊन टाकले होते.

"अहो, माझी गाणी गेली ना?"

"गाणी कुठे जातात? फाइली जागेवर आहेत म्हणाला तो दुरुस्तीवाला. कॉम्प्युटर चालवणारं ते लिनक्स तेवढं उठत नाहीये."

"आईची सगळी गाणी टाइप करायची होती. आत्ता कुठे तो माउस माझं ऐकायला लागला होता."

"चूक माझीच. रोज सकाळी उठून अपडेट करायची खाज."

"रोज एवढं नवीन काय येतं त्यात?"

"नवीन काही नाही गं. जुनी भोकं बुजवतात."

"छताची बुजवा म्हटलं, की तुम्हाला शिडी सापडत नाही."

"सापडेल. पण अपडेट अर्ध्यावर टाकून आंघोळीला गेलो, तिथे चुकलं माझं."

"पुरे आता. अहो… प्लग मी काढला होता. वाटलं, तुम्ही बंद करायला विसरलात."

"माहीत आहे. बाहेर आलो तर वायर गुंडाळून ठेवलेली. आपल्या घरात वायर गुंडाळणारं माणूस एकच आहे."

"मग इतके दिवस स्वतःला का बोल लावताय?"

"तुला बोललो असतो, तर परत त्या कीबोर्डला हात लावला असतास?"

"नसता लावला."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या माणसाला पुढे धाडलं.

"अहो, घरी गेल्यावर ते अपडेट संपलं हे कसं ओळखायचं, ते मला दाखवा."