बोगद्यात न लागणारे दिवे

कात्रजचाच हाय मी. बाप म्हशी राखायचा, मला मात्र गाडीचं वेड, ड्रायव्हर झालो ते आजतागायत तेच. कोथरूडच्या एका बाईंकडं हाय, शाळेत हेडमास्तरीण होत्या, आता एकट्याच असतात. गाडी जुनी, पण अंधार पडला की पुढचे दिवे आपोआप लागायचे, बटन ऑटोवर ठेवायचं आन् विसरायचं. ह्या दसऱ्याला गाडीची पूजा केली, लेकीनं दिलेला गणपती पुढं काचेपाशी बसवला, मागं बारका दिवा असलेला.

आन् काय सांगू तुम्हाला, त्यानंतर दिवेच लागंनात. बोगद्यात शिरलो तरी अंधार, मागनं ट्रकवाल्याचा हॉर्न, हातानं बटन फिरवलं तरच लागायचे. बाई म्हणाल्या, तुम्ही बटन हलवता आणि विसरता. नाही हो बाई, म्हणालो. मग काय भूत हलवतं, म्हणाल्या.

गॅरेजला नेली. मेकॅनिकनं बल्ब बघितले, फ्यूज बघितला, काचेखाली उजेड ओळखणारा सेन्सर असतो त्यावर हात धरला, तर लागले की दिवे. गाडी ठणठणीत हाय काका, म्हणाला. पुन्हा नेली, पुन्हा तेच. मग बाईंच्या लेकाचा परदेशातनं फोन, स्पीकर चालू, आई, त्यांचं वय झालंय, दुसरा ड्रायव्हर बघ. मी गाडी चालवतोय, ऐकतोय. लई लागलं बघा. मलाच वाटाया लागलं, आपलं डोस्कं चाललं का काय. घरी गॅस बंद हाय का बघायला सारखा उठायचो, बायको म्हणायची, बसा की गप.

परवा बाईंना बहिणीकडं शिरवळला नेत होतो, सांज झालेली. बाई शेजारी, गणपतीवर धूळ दिसली म्हणून उचलून पदरानं पुसत होत्या, तेवढ्यात बोगदा आला आन् दिवे आपले आपण लागले. बाहेर पडून गाडी कडेला घेतली. देव ठेवला, जरा वेळानं दिवे गेले. उचलला, लागले. देवामागच्या बारक्या दिव्याचा उजेड सेन्सरवर पडायचा, गाडीला वाटायचं दिवसच हाय. आन् गॅरेजात तेलकट हात लागू नयेत म्हणून दर बारीला मीच देव काढून घरी ठेवायचो, मग तिथं काय सापडणार, कपाळ.

बाईंनी तिथनंच लेकाला फोन लावला, ड्रायव्हर बघू नकोस, म्हणाल्या. देव मागच्या सीटवर उशीवर ठेवला. म्हणाल्या, देव मागं बसेल, पुढं तुम्हीच बसा.

आता लागतात दिवे. तरी बोगदा जवळ आला की हात बटनाकडं जातोच. बाई म्हणतात, अहो, लागलेत. लागलेत हो बाई, म्हणतो मी. बाप्पा त्यांना सुखी ठेवो.